विमानात बसलेली वाक्यं

आमचे दुभाषीकाका समोरच्याचं वाक्य त्याच्या आधी संपवायचे. हा उद्धटपणा नव्हता, आजार होता. रिक्षावाला म्हणायचा, "बाबूजी, चल तो दूँगा, लेकिन मीटर..." की काका लगेच, "...आज सुबह ही खराब हुआ है." रिक्षावाला वळून बघायचा, आपलं गुपित याला कुणी सांगितलं? डॉक्टर म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही, फक्त..." की काका, "...मीठ बंद." सत्यनारायणाच्या पूजेला तर गुरुजी त्यांना मुद्दाम लांब बसवायचे, कारण साधुवाण्याची नौका बुडायच्या आत काका ती वर काढायचे. आता वाक्यं संपवली जाण्याची मला सवय आहे. माझ्या घरात मी बऱ्याच वर्षांत एकही वाक्य स्वतः संपवलेलं नाही. पण ते बायकोच्या कृपेने. काका ते काम परक्या माणसांसाठी फुकट करायचे.

फक्त काकूंचं वाक्य त्यांना कधी संपवता आलं नाही. "मी म्हणते, ती पडद्याची कापडं..." असं काकू म्हणाल्या की काका तोंड उघडायचे आणि मिटायचे. ते वाक्य कधी नागपूरच्या संत्र्यांवर जाऊन संपायचं, कधी शेजारच्या सिन्हाबाईंच्या गुडघ्यावर. "अख्ख्या कारकिर्दीत हिच्याइतका अवघड वक्ता मिळाला नाही," असं काका अभिमानाने सांगायचे.

आजाराचं मूळ नोकरीत होतं. काका एका मंत्रालयात स्पॅनिशचे दुभाषी होते. त्यांच्या दारावरची पाटी वेगळंच आडनाव सांगायची, पण दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरांमध्ये पोस्टमनसुद्धा दुभाषीकाका म्हणूनच विचारायचा. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचो. नवा नवा नागपूरहून बदलून आलेला, दिल्लीची हिंदी बोलताना घाम फुटणारा अधिकारी. काकांनी मला पहिल्या आठवड्यातच त्यांच्या धंद्यातली मेख सांगितली. "विज्या, आपल्याकडे क्रियापद शेवटी. स्पॅनिशमध्ये ते आधी लागतं. मंत्रीमहोदय म्हणतात, 'हम दोनों देश मिलकर इस समस्या को...' आणि पाणी प्यायला थांबतात. समोर परदेशी पाहुणे, कानात यंत्र लावून माझी वाट बघतायत. आता सांग, समस्येचं काय करणार? सोडवणार? वाढवणार? की नुसतीच बघणार?"

"मग तुम्ही काय करायचात?"

"बोलून टाकायचो. 'सोडवू.' मंत्री घोट गिळून म्हणायचे, 'सुलझाएँगे.' सुटलो! एकदा मात्र म्हणाले, 'भूल जाएँगे.'"

"बाप रे! मग?"

"मग काय? तोवर मी सोडवून बसलो होतो. पुढे ती खरंच सुटली म्हणे."

ही गोष्ट सांगून झाली की काका एकदम गंभीर व्हायचे आणि बोट वर करायचे. "पण ती चूक होती हां. मुद्दाम केलेली नव्हती. दुभाष्याने स्वतःचं वाक्य बोलायचं नसतं. ते पाप. आपण नळ. पाणी दुसऱ्याचं."

निवृत्तीनंतर काकांनी नोएडात फ्लॅट घेतला, पण नळ काही बंद झाला नाही. लोक सकाळी भूपाळ्या लावतात, काका दक्षिण अमेरिकेतल्या एका देशातल्या निवडणुकीची भाषणं लावायचे. त्या देशाचं नाव मी सांगत नाही, कारण काकाच म्हणायचे, "नाव कशाला? कुठल्याही देशातलं लाव, भाषण तेच आहे." कानाला हेडफोन, पुढ्यात मटारच्या शेंगा, आणि ओठ हलतायत. तिथला कुणी पुढारी गरजायचा आणि नोएडातल्या अकराव्या मजल्यावर काका शेंगा सोलत ते पुटपुटायचे, पुढाऱ्याच्या अर्ध्या सेकंदाआधी. आवडतं वाक्य आलं की शेंग तशीच हातात धरून ओरडायचे, "हे बसलं! विमानात बसलं!"

कारण काकांचा सिद्धांत होता की वाक्यांना व्हिसा लागत नाही. तिकडे एका सभेत टाळ्या पडल्या की ते वाक्य उठतं, विमानात बसतं, आणि काही महिन्यांत इकडे उतरतं. मला हे म्हातारपणाचं खूळ वाटायचं. मग एका रविवारी काका नेहमीसारखे मेट्रोने सरोजिनी नगरला भाजी घ्यायला आले. ("नोएडात भाजी मिळते रे, पण काचेच्या आड. तिच्याशी बोलता येत नाही.") बाजाराच्या तोंडाशी प्रभागातल्या एका उमेदवाराची गाडी भोंगा लावून उभी होती. भोंग्यातून आलं, "भाइयों और बहनों, मैं नेता नहीं हूँ..."

काकांनी हातातला दुधी रोखून धरला. "...मैं तो आपकी आवाज़ हूँ!" काका म्हणाले.

"...मैं तो आपकी आवाज़ हूँ!" भोंगा म्हणाला.

"आलं! उतरलं!" काका दुधी हवेत नाचवत म्हणाले. विमानतळावर भाचा घ्यायला गेल्यासारखा चेहरा. "उन्हाळ्यात निघालं होतं रे! बघ, कसं टुणटुणीत पोचलंय! आता पुढचं ऐक, 'ते तुम्हाला घाबरतात' येईल." आलं. मग "ते"च्या नावाने बरंच काही आलं. स्वस्त कुर्त्यांच्या ढिगाऱ्यात हात घालून बसलेल्या बायकासुद्धा काकांकडे बघायला लागल्या. एकीने मला हळूच विचारलं, "भाई साहब, ये पार्टी में हैं क्या?" मी म्हटलं, "नहीं जी, ये एअरपोर्ट पर हैं."

त्या दिवशी घरी आल्यावर माझ्या मुलीने, तनूने, विचारलं, "आजोबा, पण असं कॉपी कसं होतं? आपल्याकडचे प्रॉब्लेम वेगळे आहेत ना यार." तनू दिल्लीत जन्मलेली. तिच्या मराठीत दर तिसरा शब्द पाहुणा असतो.

"रस्सा एकच असतो गं," काका म्हणाले. "पूर्वी सगळं छान होतं. मग 'ते' आले. त्यांनी तुमचं पळवलं. आता मी आलोय, बाकी कुणाचं ऐकू नका. झाला रस्सा. आत भाजी आपापल्या गावची टाका. तिकडे 'ते' म्हणजे राजधानीतले शिकलेले लोक. आणखी कुठे 'ते' म्हणजे बाहेरून आलेले. रस्सा उकळला की भाजी कुठली, कोण विचारतं?"

माझ्या बायकोने, सुनंदाने, स्वयंपाकघरातून विचारलं, "आणि तो खाऊन पोट बिघडलं तर?"

"तर नवा आचारी येतो सुनंदा," काका म्हणाले. "तोच रस्सा घेऊन."

आता आमच्या मराठी मंडळाबद्दल सांगायला हवं. ते काकूंनी काढलं, लक्ष्मीबाई नगरच्या हिरवळीवर, एका भल्यामोठ्या पातेल्याच्या जोरावर. त्या पातेल्यात भाद्रपदात गणपतीचा मसालेभात शिजायचा आणि एप्रिलमध्ये जयंतीची खीर. आमच्या घरी गणपती बसत नाही, आमची बुद्धवंदना. पण मंडळाच्या मोदकांच्या कढईवरून सुनंदाला आजवर कुणी हलवू शकलेलं नाही, आणि जयंतीच्या खिरीत वेलदोडे किती, यावर काकू गेल्यानंतर शेवटचा शब्द काकांचा असायचा. यात कुणाला काही विशेष वाटायचं नाही. दिल्लीत मराठी माणूस दिसला की आधी त्याला जेवायला वाढायचं, चौकशी नंतर, असा काकूंचा कायदा होता.

मंडळाची निवडणूक म्हणजे एक वेगळाच खेळ. अध्यक्ष व्हायचं कुणालाच नसायचं. म्हणून मावळत्या अध्यक्षाने नारळ घेऊन सभेत फिरायचं आणि ज्याचे हात रिकामे दिसतील त्याच्या हातात तो ठेवायचा. एकदा हातात आला की परत द्यायचा नाही. त्यामुळे वार्षिक सभेला लोक काय काय घेऊन यायचे! शेजाऱ्यांचं बाळ, विणकाम, प्लास्टर घातल्यासारखा बांधलेला रुमाल. एका उपसचिवांनी तर अख्खी सभा दोन्ही हातांनी खांब धरून काढली. काकूंनंतर नारळ काकांकडे आला आणि तिथेच राहिला. दर वर्षी काका नारळ घेऊन फिरायचे आणि दर वर्षी तोच घेऊन घरी जायचे.

मग काकांच्या मुलीने, मंजूने, हट्ट धरला. मंजू वडिलांकडून स्पॅनिश शिकली आणि त्याच देशात नोकरी करून तिथेच संसाराला लागली. "बाबा, आता इकडेच या. तुमची सगळी भाषणं इथे लाइव्ह ऐका." काका तयार झाले. तिकीटही काढलं. पण नारळ दिल्याशिवाय जाणार नाही म्हणाले, आणि त्याला कारण होतं. मंडळात फूट पडायला लागली होती. एका बाजूला आम्ही क्वार्टरवाले, गणपती सरोजिनी नगरच्या जुन्या हॉलमध्येच बसायला हवा म्हणणारे. दुसऱ्या बाजूला नोएडाचे टॉवरवाले. त्यांच्या क्लबहाउसमध्ये एसी, पार्किंग आणि पाण्याचं कारंजं होतं. त्यांना गणपती तिकडे हवा होता, नाहीतर स्वतःचा वेगळा.

"तुझी काकू गेली तेव्हा दोन्हीकडचे लोक एकाच पातेल्यातलं जेवले," काका मला म्हणाले. "त्याची दोन पातेली झालेली बघून मला विमानात बसवणार नाही विज्या. नारळ नीट हातात पडू दे, मग जातो."

तो माझ्याच हातात पडला. मी बावळट. सभेआधी आरती झाली, तीर्थ येतंय असं वाटून मी डोळे मिटून ओंजळ पुढे केली. तीर्थ फारच जड लागलं. डोळे उघडले तर नारळ, आणि समोर काका मिश्कील हसतायत. टाळ्या सुरू झाल्या. सुनंदाने कपाळावर हात मारला.

आणि मागून आवाज आला, "एक मिनिट! मलाही उभं राहायचंय."

हॉलमध्ये अशी शांतता पसरली जशी कुणी हुंडा मागितल्यावर पसरते. मंडळाच्या इतिहासात कुणाला अध्यक्ष व्हायचं आहे, असं घडलंच नव्हतं. बोलणारा होता पराग. टॉवरवाला, तरतरीत, कुठल्याशा कंपनीच्या मार्केटिंगमध्ये, वाईट अजिबात नाही. बायको लखनौची, गोड स्वभावाची, मराठी शिकता शिकता मोदकही शिकलेली. "फेअर इलेक्शन होऊ दे ना," पराग म्हणाला. "दोघांनी भाषणं करू. पुढच्या रविवारी मतदान."

त्या आठवड्यात माझा फोन तापला. परागने प्रचाराचे व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. एकात तो पार्किंगमधून संथपणे चालत येत होता, मागे ढोल. "मंडळ कुणाचं? आपलं! पळवलं कुणी? त्यांनी!" मी हादरलो. मी मंडळाच्या चमच्याला हात लावला नव्हता, आणि मी "ते" झालो होतो! मी तडक काकांकडे गेलो. काका व्हिडिओ बघून टाळ्या पिटत होते.

"विज्या, हे बघ!" त्यांनी दुसरा व्हिडिओ लावला. त्या दूरच्या देशातला नवा उमेदवार, घामाघूम, हजारोंच्या गर्दीपुढे. तीच संथ चाल. तोच ढोल. "अरे, एरवी एखादं वाक्य येतं. हा पठ्ठ्या अख्खा माणूस उतरवून घेतोय! आता बघ, इथे तो कोट काढून गर्दीत फेकतो. 'हा कोट त्यांचा, अंगातला शर्ट तुमचा!' पराग कोट घालून आला तर समज."

"काका, तुम्ही खूश काय होताय? मी हरतोय! मलाही एखादं भाषण द्या. त्या उमेदवाराविरुद्ध तिकडे कुणी काय बोललं, तेच उतरवून द्या."

"त्याच्या विरोधकाचं? तो पण हेच बोलतो. फक्त 'ते' वेगळे."

"मग तुमचं स्वतःचं द्या!"

काकांनी शेंग सोलायची थांबवली. "माझ्याकडे स्वतःचं वाक्य नाही रे. सांगितलं ना, मी नळ."

मग मीच आरशासमोर उभा राहिलो. "मी भाषण करायला आलेलो नाही," मी आरशाला म्हणालो. बरं वाटलं. "ते घाबरलेत!" म्हणालो. आणखी बरं वाटलं. छाती फुगली, बोट आपोआप वर गेलं. तनू दारात उभी होती. "बाबा, 'ते' म्हणजे कोण?" मी म्हटलं, टॉवरवाले. ती म्हणाली, "नानीपण टॉवरमध्ये राहते ना यार. तिला सांगू?" नानी म्हणजे माझी सासू. बोट खाली आलं. माझी प्रचारमोहीम तिथेच आटोपली.

रविवारी दिल्लीत अशी उमस होती की हॉलच्या भिंतींनाही घाम सुटला होता. पराग कोट घालून आला. काकांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. काका मावळते अध्यक्ष म्हणून टेबलामागे बसले होते, पुढ्यात निकालापर्यंत माझ्याकडून परत घेतलेला नारळ आणि माइक. मागच्या दाराशी सुनंदा, परागची बायको आणि बाकीच्या बायका कांदाभजी तळत होत्या. वास असा सुटला होता की लोकशाहीवर लक्ष ठेवणं अवघड जात होतं.

पराग उभा राहिला, आणि काकांच्या हाताने जुन्या सवयीने घात केला. वक्ता बोलायला लागला की आपला माइक सुरू करायचा, ही आयुष्यभराची शिस्त. कट् आवाज झाला. काकांना कळलंही नाही.

"मी भाषण करायला..." पराग म्हणाला.

"...आलेलो नाही," हॉलच्या चारही कोपऱ्यांतून काकांचा आवाज आला.

"...आलेलो नाही," पराग म्हणाला आणि दचकून छताकडे बघितलं. "मी तुमचं..."

"...ऐकायला आलोय."

"...ऐकायला आलोय. एकेकाळी हे मंडळ..."

"...सोन्यासारखं होतं. मग ते आले."

आधी प्रतिध्वनी, मग आवाज! लोक खुदखुदायला लागले. काका डोळे मिटून, कानावर हात ठेवून, अगदी तल्लीन. पहिल्या रांगेतल्या माझ्या सासूबाईंनी मोठ्याने विचारलं, "ते म्हणजे कोण रे पराग? आम्ही का?" पराग म्हणाला, "नाही हो आजी, तुम्ही नाही." "मग ठीक आहे," सासूबाई म्हणाल्या. "चालू दे."

परागने कोट काढला. "हा कोट त्यांचा..."

"...अंगातला शर्ट तुमचा!" हे मात्र काकांबरोबर, आठवडाभर घरात हेच ऐकलेल्या तनूनेही म्हटलं.

कोट हवेत गेला, गरागरा फिरला आणि चहाच्या टाकीवर जाऊन बसला. नेमका टोपीसारखा. त्या दिवशीचा चहा शेवटपर्यंत गरम राहिला, हे परागच्या बाजूने नोंदवायलाच हवं. हॉल हसून हसून लोळत होता. परागला वाटलं, आपण जिंकतोय. त्याने बोट उंच केलं, आवाज खोल नेला.

"हे मंडळ खऱ्या मराठी माणसांचं आहे!"

हसू ओसरलं. कढईतला झारा थांबला. प्रत्येकजण मनात स्वतःला चाचपतोय, हे दिसत होतं. कुणाचे पणजोबा ग्वाल्हेरहून आलेले, घरात निम्मी हिंदी. कुणाची सून बंगाली. तनूने माझ्याकडे बघितलं. मी सुनंदाकडे बघितलं. आणि सुनंदा, कधी नव्हे ती, कढईपासून एक पाऊल मागे सरकली होती.

काकांचे डोळे उघडले होते.

"आणि जे खरे नाहीत, त्यांनी..." पराग म्हणाला आणि थांबला. बोट वर. त्या परदेशी उमेदवारासारखाच.

पुढचं काकांना पाठ होतं. मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. ओठ हलले, थांबले. सगळा हॉल आता परागकडे नाही, काकांकडे बघत होता, क्रियापदाची वाट बघत. काकांनी माइक जवळ ओढला.

"...त्यांनी आधी भजी घ्यावीत," काका म्हणाले. "गरम आहेत."

मग सासूबाई उठल्या. "मी तर खरी आहे, पण घेते," म्हणाल्या. आणि अख्खा हॉल उठला. खरे, खोटे, टॉवर, क्वार्टर, खांबवाले उपसचिव, सगळे कढईकडे. "वहिनी, मी खोटा, मला दोन जास्त!" "अरे, मी डबल खोटी, सासर-माहेर दोन्हीकडून!" सुनंदा हसत हसत डोळे पुसत होती आणि कांद्यामुळे म्हणत होती. पराग मात्र बोट वर करून तसाच उभा.

"काका," तो शेवटी म्हणाला, "पुढचं खरं काय होतं?"

"तुला माहीत नाही?"

"नाही. रील तिथेच संपतं. मला वाटलं, पॉज घेऊन सोडायचं असतं."

काकांनी माइक बंद केला. "'निघून जावं' असं होतं," ते हळू म्हणाले. "तिकडे खूप टाळ्या पडल्या."

परागने वळून बघितलं. त्याची लखनौची बायको कपाळावरचा घाम पुसत माझ्या सासूबाईंच्या प्लेटमध्ये भजी वाढत होती. त्याचं बोट हळूहळू खाली आलं. "बापरे," एवढंच तो म्हणाला.

मतदान व्हायचं होतं, हात वर करून. पण हात वर करणार कोण? सगळ्या हॉलच्या हातात भज्यांच्या प्लेटा. माझ्या तर दोन्ही हातांत. काकांनी नारळ उचलला, चष्मा सावरला आणि जुन्या रिवाजाप्रमाणे फिरायला निघाले. सबंध हॉलमध्ये रिकामे हात एकाच माणसाचे होते. ज्याने कोट फेकला होता.

"काका, मी?" पराग म्हणाला. "आत्ता जे बोललो त्यानंतर?"

"तू कुठे बोललास? तू फक्त उतरवलंस," काका म्हणाले. "मी आयुष्यभर तेच केलं. आता स्वतःचं काहीतरी बोल. गणपती कुठे?"

परागने नारळ ओंजळीत घेतला. "इथेच," तो म्हणाला. "नोएडाहून मी बस करतो. आणि पातेलं... पातेलं तेच."

मी निवडणूक हरलो. घरी आनंदाचं वातावरण होतं.

काका मंजूकडे गेले. विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं, "सर, आपके बैग में ये..." आणि काका म्हणाले, "...नारियल है." मंडळाने निरोपाला दिलेला तो नारळ तिथेच ठेवून घेतला त्यांनी. पण काकांचे आवाजी निरोप यायला लागले, मागे स्पॅनिशचा कल्लोळ. "विज्या, आज त्या कोटवाल्याच्या सभेला गेलो. मी सवयीने पुटपुटलो, तर आजूबाजूचे इतके हसले की बाया मला स्टेजकडे ढकलायला लागल्या!" मग पुढचा. "इथल्या इमारतीच्या समितीतही अध्यक्ष व्हायला कुणी तयार नाही. मी आपला रिवाज सांगितला. नारळ मिळाला इथे! सगळे हात खिशात घालून उभे! मला वाटायचं, वाक्यं फक्त तिकडून इकडे येतात. आपलंही विमान सुटतं रे!"

काका निरोप नेहमी घाईने पाठवायचे, बटणावरचं बोट लवकर सुटायचं. गेल्या वर्षीचा शेवटचा निरोप असाच. "विज्या, परागला सांग, या वर्षी नारळ..." एवढाच. दोन दिवसांनी मंजूचा फोन आला. झोपेतच गेले. मंजू म्हणाली, इमारतीतले लोक भेटायला आले ते नारळ घेऊन. तो हातोहात फिरला. कुणीही हात खिशात घातले नाहीत.

यंदाच्या सभेत परागने तो निरोप माइकला लावून सगळ्यांना ऐकवला. "या वर्षी नारळ..." काकांचा आवाज हॉलच्या चारही कोपऱ्यांतून आला आणि थांबला. सगळे काकांच्या रिकाम्या खुर्चीकडे वळले. मग सासूबाई म्हणाल्या, "...फोडा." मागून कुणी म्हणालं, "...मोठा आण." "...माझ्याकडे नको!" "...नोएडाला दे!" "...खिरीत घाल!" जो तो वाक्य संपवायला लागला. हसण्याचा असा गोंधळ उडाला की तनू डोळे पुसत म्हणाली, "बाबा, यार, आजोबांना हे खूप आवडलं असतं."

पराग नारळ घेऊन फिरायला निघाला. या वेळी कुणी बाळ उचललं नाही, कुणी खांब धरला नाही. तो माझ्यासमोर येऊन थांबला. आरती होऊन बराच वेळ झाला होता, आणि हे तीर्थ नव्हे हे मला चांगलं ठाऊक होतं.

मी हातातली भज्यांची प्लेट सासूबाईंकडे दिली.